आधी पाणी मागायचं

मतदाराच्या दारात गेल्यावर मत मागायचं नाही, आधी पाणी मागायचं. ही शिकवण भोंग्याची. निवडणूक लागली की पक्षाच्या कचेरीत नव्या कार्यकर्त्यांना समोर बसवून तो हे सांगायचा, आणि अशा थाटात सांगायचा की पाण्याचा शोध जणू यानेच लावला.

"पत्रक पुढे केलंस की माणूस दार लोटतो. पाणी मागितलंस की तो आत जातो. तो आत गेला की तू उंबऱ्याच्या आत. ग्लास हातात आला की तू पाहुणा. आता पाहुण्याला हाकलायला गेंड्याची कातडी लागते, आणि ती मतदाराकडे नसते, उमेदवाराकडे असते."

सगळे हसायचे. पण शिकवण खोटी नव्हती. या एका ग्लासावर भोंग्याने अशी अशी घरं फिरवली होती, जिथे पक्षाच्या माणसाला कुत्रंसुद्धा ओळख देत नसे. तहान नसताना पाणी प्यायची त्याला इतकी सवय झाली होती, की कुठल्या गल्लीत कुणाच्या संडासाचं दार बाहेरून उघडता येतं हेही त्याला पाठ झालं होतं.

भोंगा हे नाव आवाजामुळे पडलेलं. अंगाने पाप्याचं पितर, पण माइक हातात आला की पलीकडच्या वॉर्डातली झोपलेली पोरं दचकून उठायची. एरवी तो जिन्याखालच्या खोलीत पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायचा. निवडणूक आली की दुकानाला कुलूप. मग गिऱ्हाईक घरी येऊन त्याच्या बायकोच्या नावाने खडे फोडायचं, आणि ती संध्याकाळी त्याच्या नावाने. "लोकांचे पंखे बंद, आपली चूल बंद, तुमचं तोंड तेवढं चालू," ती म्हणायची. पक्षाने इतक्या वर्षांत काय दिलं, असं कुणी विचारलंच, तर एक खुर्ची दिली होती. कचेरीतली, दाराजवळची, एक पाय आखूड असलेली. तिच्यावर दुसरं कुणी बसलं तर भोंग्याचा चेहरा उतरायचा.

आता या गोष्टीत एक बहीण आहे. भोंग्याला आईबाप नव्हते, भाऊ नव्हता, होती ती एक धाकटी. घरातही तिला धाकटीच म्हणायचे आणि लग्न होऊन गेली तरी ती धाकटीच राहिली. आईबाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे ती जिन्याखालची खोली. बाजारात आली की ती तिथे टेकायची, मोडक्या मिक्सरच्या भांड्यात डोकवायची, दादाला दोन शब्द सुनवायची आणि जायची.

तिचा नवरा सिमेंट-विटांचा व्यापारी. माणूस रुबाबदार, बोलायला गोड आणि नेमका समोरच्या पक्षाचा. मेहुणे-मेहुणे दोन पक्षांत, पण घरात त्यावरून हसण्याखिदळण्यापलीकडे काही नव्हतं. भोंगा प्रचाराच्या गाडीवरून त्याला "आमचे दाजी" म्हणून टोमणे मारायचा, ते ऐकून ऐकून सगळा वॉर्डच त्याला दाजी म्हणू लागला. मग मागच्या निवडणुकीत समोरच्या पक्षाने दाजीलाच उभं केलं.

त्याच दिवसांतली एक दुपार. धाकटी दुकानात आली. इस्त्री घ्यायला आलेलं गिऱ्हाईक जाईपर्यंत गप्प बसून राहिली. मग तिने झंपराची बाही वर सरकवली. दंडावर चार बोटं उमटली होती, काळीनिळी.

"पहिल्यांदा नाही, दादा," ती म्हणाली. "कुणाला सांगू नकोस. तुला सांगितलं, बास झालं. मन मोकळं झालं माझं."

भोंग्याच्या हातातला स्क्रू जागेवर बसेना. "बघतो मी त्याला," तो म्हणाला.

आणि त्याने बघितलं, पण कसं ते ऐका. भाऊ म्हणून त्याच दिवशी दाजीच्या दारात जाऊन गचांडी धरायची होती. ती धरली नाही. आज जातो, उद्या जातो करत प्रचाराचा शेवटचा दिवस उजाडला. गाडी दाजीच्याच गल्लीत शिरली. पक्षाने लिहून दिलेलं सगळं बोलून झालं होतं, माइक चालू होता, गच्च्यांवर माणसं उभी होती, आणि भोंग्याच्या तोंडून निघून गेलं, "घरात स्वतःच्या बायकोवर हात उचलणारा माणूस या वॉर्डातल्या आयाबहिणींचं काय भलं करणार? विचारा, दंडावरचे वळ कुणाचे, विचारा!"

धनुष्यातून सुटलेला बाण आणि माइकमधून सुटलेला शब्द. संध्याकाळपर्यंत ते वाक्य नळावर, वाण्याकडे, डॉक्टरच्या बाकावर, सगळीकडे पोचलं. बायका मतदानाला एकजुटीने आल्या आणि दाजी पडला. कार्यकर्त्यांनी भोंग्याला खांद्यावर घेतलं. त्याला खांद्यावर बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. उतरल्यावर वाटेना.

तो धाकटीच्या घरी गेला. तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "तुझं इथे कुणी राहत नाही." त्यानंतर पाच वर्षं ती जिन्याखालच्या खोलीकडे फिरकली नाही. बाजारातून जाताना ती समोरचा फूटपाथ धरायची. भोंगा काउंटरमागून बघायचा आणि हातातला पंखा उगाच पुन्हा उघडायचा. बायको एकदाच बोलली, "जिभेला हाड नसतं, पण ती वळवायला डोकं असावं लागतं."

तर यंदाची निवडणूक लागली. पक्षाची कचेरी अध्यक्षांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये भरायची. अध्यक्ष म्हणजे जुना माणूस. गाडी शिकवताना जसा पाय ब्रेकवर ठेवून बसायचा, तसाच पक्षातही. भिंतींवर रहदारीच्या खुणांचे तक्ते, खाली सतरंजी, कोपऱ्यात झेंड्यांचे गठ्ठे. बायकांची आघाडी सांभाळणारी शिंपीणकाकू गळ्यात मापाची टेप घालूनच यायची. तिचं दुकान शेजारीच होतं.

"एक आनंदाची बातमी आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि दारातून दाजी आत आला. गळ्यात पक्षाचा पट्टा, नवाकोरा, घडीची रेघही न मोडलेला.

ज्या माणसाची पोस्टरं रात्र-रात्र जागून फाडली, तो समोर हात जोडून उभा. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर नेमकी 'मागे वळण्यास मनाई'ची खूण होती. दोघातिघांनी ती पाहिली आणि नजर सतरंजीवर वळवली. अध्यक्षांनी वरून आलेला निरोप वाचून दाखवला. दाजी फक्त पक्षात आला नव्हता, तो या वॉर्डातून आपला उमेदवार होता.

दाजी थेट दाराजवळच्या खुर्चीकडे आला. भोंगा उठून उभा राहिला. दाजीने त्याला कवेत घेतलं.

"याने मला पाडलं बरं का," तो सगळ्यांकडे बघून म्हणाला. "एका वाक्यात! तेव्हाच मनात म्हटलं, हा माणूस आपल्या बाजूला पाहिजे. तो येत नाही ना, मग आपण जाऊ."

मोठा हशा झाला. दाजीही हसला, अध्यक्षही हसले. आणि भोंगाही हसला. स्वतःच्या हसण्याचा आवाज कानावर पडला तेव्हा त्याला किळस आली, पण तोवर हसून झालं होतं. ज्या गोष्टीपायी त्याने बहीण गमावली, ती गोष्ट या दोघांत विनोद होऊन मिटली होती. पुढाऱ्यांचं बरं असतं. ते भांडतात मतासाठी आणि मिटवतात मतासाठी. मधल्या मधे ज्यांचं तुटतं त्यांना कुणी वरून निरोप पाठवत नाही.

तरी माणूस आशाळभूत. घरी जाताना भोंग्याच्या मनात आलं, आता भिंत पडली. दाजी आपल्यात आला, म्हणजे धाकटीच्या घराचं दार उघडायला हरकत नाही. पाच वर्षांत प्रथमच त्याला त्या गल्लीतून जाताना मान वर करावीशी वाटली. दार मात्र बंदच होतं.

प्रचार सुरू झाला आणि दोनच दिवसांत शिंपीणकाकू कचेरीत येऊन टेकली. "बायका ऐकत नाहीत," ती म्हणाली. "पत्रक घेतात, पाणी देतात, आणि विचारतात, याची बायको कुठाय? समोरच्यांनी गाडी काढलीय. भोंग्या, तुझंच वाक्य आहे. शब्द न् शब्द तुझा. फक्त बोलणारा चांगला नाही."

अध्यक्षांनी हनुवटी खाजवली. "मग बायकोला बरोबर घेऊन फिरायचं. नवरा-बायको जोडीने दारात उभे राहिले की प्रश्नच मिटला."

"ती येत नाही," दाजी म्हणाला. "पायरी उतरणार नाही म्हणते. मी सगळं करून बघितलं."

सगळं म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही. मग अध्यक्ष भोंग्याकडे वळले. "बहीण तुझी आहे. बोललास तूही आहेस. तू तिच्याबरोबर दारोदार फिरलास, की ज्याने म्हटलं त्यानेच परत घेतलं असं होतं. कुणाला काही समजावून सांगायला नको."

शिंपीणकाकूने टेप गळ्यातून काढून बोटाभोवती गुंडाळली. "जाशील तू?" तिने भोंग्याला विचारलं. नको जाऊस, असं तिला म्हणायचं होतं, आणि ते भोंग्याला कळलंही होतं.

"जातो," तो म्हणाला. पक्षासाठी नव्हे, दाजीसाठी तर नाहीच. त्या दारात जायला पाच वर्षं त्याला निमित्त सापडत नव्हतं, ते आज अध्यक्षांनी हातात दिलं होतं. निमित्त कुणाच्या हातून आलं हे बघायचं त्याने टाळलं.

दुपारची वेळ होती. गल्लीत सामसूम. त्याने गळ्यातला पट्टा काढून खिशात कोंबला आणि कडी वाजवली. वाटलं होतं, आतूनच हाकलेल. पण दार उघडलं. धाकटी समोर उभी. कानाजवळ केस पांढरे झाले होते. आपल्या धाकट्या बहिणीचे केस पिकलेले बघायला माणूस कधीच तयार नसतो.

घसा कोरडा पडला होता. "पाणी देतेस?" तो म्हणाला.

म्हणाला आणि जागीच थिजला. इतक्या वर्षांची सवय ती. आपल्याला खरंच तहान लागलीय की आपण प्रचाराला आलोय, त्याचं त्यालाच सांगता येईना. धाकटी आत गेली. तो उंबऱ्याच्या आत आला.

तिने पाणी दिलं, समोर बसली, आणि त्याचं पिणं होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. स्वयंपाकघर नीटनेटकं होतं, भांडी उपडी घातलेली, ओट्यावर फडकं वाळत. खिडकी मात्र अर्धी लावलेली. ही खिडकी पूर्वी सताड उघडी असायची.

"कुणी पाठवलं तुला?" तिने विचारलं.

भोंग्याने ग्लास खाली ठेवला. खरं सांगायला हीच वेळ होती. अध्यक्षांनी पाठवलं, पण मलाही यायचं होतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ज्याच्या तोंडून नको ते वाक्य गल्लीभर गेलं, त्याच्या तोंडून हवं ते चार हातांवरच्या बहिणीपर्यंत जाईना.

"कुणी नाही," तो म्हणाला. "मीच आलो."

धाकटीचा चेहरा हलला. तिने पदर तोंडाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"चुकलो मी," भोंगा म्हणाला. हे मात्र खरं होतं, अगदी आतड्यापासून आलेलं. "तू मला भाऊ म्हणून सांगितलंस. मी भाऊ म्हणून यायला हवं होतं. आलो नाही. गाडीवर चढून बोंबललो."

"आला असतास तर काय झालं असतं?" ती म्हणाली. "भांडला असता तुझ्याशी, आणखी एकदा मारलं असतं मला. पण मला माहेर आहे, असं तरी वाटलं असतं. तू काय केलंस माहितीय का तुला? मारलं त्यानं, आणि मान खाली घालून चालले मी. भाजी घ्यायला गेले की बायका माझ्या दंडाकडे बघायच्या. उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचे झंपर घातले मी. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. लोक माझ्याकडे बघत होते, दादा."

"आता... आता उचलतो हात?"

"नाही. तू ओरडल्यापासून नाही. लोक बघतात म्हणून नाही." ती हसली, ते हसणं बघवत नव्हतं. "म्हणजे तू माझं भलंच केलंस म्हणायचं. बरोबर ना? पण तुझे आभार मानायला तोंड उघडावंसं वाटलं नाही."

भोंगा रडला. बसल्या जागी, मोठ्याने, त्याच्या आवाजाला शोभेल असा रडला. शेजारच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं. धाकटीने उठून ती अर्धी खिडकीही लावली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पुरे. गल्ली गोळा होईल. तुला हळू काही करताच येत नाही," ती म्हणाली, आणि मग दोघंही हसले.

चहा झाला. जुन्या गोष्टी निघाल्या. वहिनी कशी आहे, दुकान कसं आहे, ती मागची मोरी अजून तुंबते का. निघता निघता तीच म्हणाली, "तुमच्या लोकांना मी हवीय ना बरोबर? हे सारखं मागे लागलेत."

भोंगा चपला शोधू लागला.

"मी नाही म्हणून सांगितलंय. त्याच्यासाठी मी पायरी उतरणार नाही." ती थोडी थांबली. "तू असशील का पण? तू बरोबर असलास तर येईन. मतं गेली चुलीत. पाच वर्षं या गल्लीतून एकटी चालले. भावाबरोबर एकदा मान वर करून चालायचंय मला. बघू देत सगळ्यांना."

नको येऊस, असं म्हणता आलं असतं. जिभेच्या टोकावर होतं. पण तिच्या चेहऱ्यावर ते पूर्वीचं, मिक्सरच्या भांड्यात डोकवणारं काहीतरी परत आलं होतं, आणि ते घालवायची त्याला छाती झाली नाही. असं नंतर घरी जाताना त्याने स्वतःला सांगितलं. कचेरीत वाट बघत होते, हेही त्याला आठवत होतंच.

"असेन ना," तो म्हणाला. "मी नाही तर कोण?"

दुसऱ्या दिवसापासून धाकटी फिरू लागली. दाजी पुढे, हात जोडून. त्याच्यामागे ही दोघं. दारात बायका आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायच्या, मग बाहीकडे. धाकटी नवऱ्याबद्दल चकार शब्द काढत नसे. "हा माझा दादा," ती सांगायची. "हा म्हणतोय म्हणून आलेय." बायकांना तेवढं पुरायचं. बहीण-भावाचं जुळलं म्हणजे घरचं सगळं ठीकच असणार, एरवी बोंबलणारा भाऊ उगाच बरोबर चालेल का? शिंपीणकाकू संध्याकाळी कचेरीत येऊन सांगायची, घरं फिरताहेत. सांगताना तिला आनंद झालेला दिसत नसे.

भोंग्याला मात्र ते दिवस सुखाचे गेले, हे सांगायलाच हवं. धाकटी त्याच्या शेजारून चालत होती. चढावर तिला दम लागला की त्याचा हात धरत होती. एका दारात त्याने पाणी मागितलं तेव्हा तिने त्याला कोपराने ढोसलं, "आत्ताच तर प्यायलास, पोटात टाकी बसवलीय का?" त्याने तिला हसत हसत पाण्याची युक्ती सांगितली, उंबरा, ग्लास, पाहुणा, सगळं. ती पोट धरून हसली. "लबाड आहात रे तुम्ही सगळे," म्हणाली. आपण काय सांगून बसलो हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. सुखात माणूस इतका बेसावध असतो.

प्रचार संपायला थोडे दिवस राहिले होते. सगळे दुपारी कचेरीत जेवायला जमले. सतरंजीवर डबे उघडले गेले, वारं आलं म्हणून पत्रकांवर चपला ठेवल्या होत्या. बातम्या चांगल्या होत्या, त्यामुळे दाजी रंगात आला होता. धाकटी सगळ्यांना वाढत होती.

"हे सगळं श्रेय कुणाचं?" दाजी म्हणाला. "आमच्या मेहुण्याचं. मी अध्यक्षांना पहिल्याच दिवशी सांगितलं, ती माझं ऐकायची नाही. तिच्या भावाला पाठवा. एका दुपारीत काम फत्ते करून आला पठ्ठ्या! काय अध्यक्ष?"

अध्यक्षांनी ब्रेक दाबायला हवा होता. पण तोंडात घास होता, त्यांनी नुसती मान डोलावली.

"आणि भोंग्या," दाजीने त्याच्या मांडीवर थाप मारली, "खरं सांग, आधी पाणीच मागितलंस ना?"

सगळी सतरंजी हसली. नवे कार्यकर्ते तर टाळ्या देऊन हसले, धडा पाठ होता त्यांना. शिंपीणकाकू तेवढी हसली नाही. भोंग्याने वर बघितलं. धाकटी हातात भांडं घेऊन उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. पाच वर्षांत समोरच्या फूटपाथवरून तिने कधी असं बघितलं नव्हतं. तेव्हा राग तरी होता.

"धाकटे, ऐक—" तो म्हणाला.

"तुला आणखी वाढू?" तिने विचारलं. त्याने नको म्हटलं. ती पुढच्या पानाकडे वळली, आणि शेवटच्या माणसापर्यंत नीट वाढत गेली.

जेवणं झाल्यावर तो तिच्यामागे कचेरीच्या जिन्यापर्यंत धावला. "मला यायचंच होतं," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो. त्यांनी पाठवलं नसतं तरी आज ना उद्या—"

"पाच वर्षं होती तुझ्याकडे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"तू घरी जा. नको फिरूस आता. मी सांगतो त्यांना काहीतरी. डोकं दुखतंय म्हणून सांगतो."

"घरी?" तिने चपला पायात सरकवल्या. "निम्म्या वॉर्डाने मला बघितलंय. आता मधेच घरात बसले तर काय म्हणतील? पुन्हा मारलं म्हणतील. पुन्हा माझ्या दंडाकडे बघतील. तेवढी सोय तू ठेवली नाहीस मला." आणि ती जिना उतरली. "चल. मागची गल्ली राहिलीय."

मागच्या गल्लीत घरं दाटीवाटीची, दारं एकमेकांवर उघडणारी. दाजी पुढच्या घरांत गेला होता. ही दोघं एका तळमजल्यावरच्या दारात उभी राहिली. एक म्हातारी चष्मा पुसत बाहेर आली. धाकटीने हात जोडले, चेहऱ्यावर छान हसू आणलं, आणि यावेळी ती नवऱ्याबद्दल बोलली. आमचे हे उभे आहेत, म्हणाली, माणूस कामाचा आहे, घरात-दारात कुणाला दुखवत नाही, तुमचं मत वाया जाणार नाही. कुठे अडखळली नाही. इतक्या वर्षांत भोंग्याने शिकवलेल्या एकाही कार्यकर्त्याला हे इतकं सफाईने जमलं नव्हतं.

म्हातारीने मान डोलावली. मग चष्म्यातून भोंग्याला न्याहाळलं. "आणि हा कोण गं? भाऊ वाटतं तुझा? चेहरा अगदी तुझ्यासारखा आहे."

धाकटीने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही.

"नाही आजी," ती म्हणाली. "हे पक्षाचे कार्यकर्ते आहेत."

म्हातारी वाट बघत राहिली. भोंग्याने पिशवीतून एक पत्रक काढलं आणि तिच्या पुढे केलं.